चाळीस नावांची यादी कोणी उघडत का नाही?

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "मी कॉमिक्सवेडा. ऑफिसात आमचा चौदा जणांचा ग्रुप आहे, सगळ्यांनी सुपरहिरोंचे सिनेमे पाहिलेत. त्यांच्यासाठी मी चाळीस कॉमिक्स आणि बारा डॉक्युमेंट्रींची एक्सेल शीट केली, नीट क्रम लावून. तीन महिन्यांत एकानेच एक पुस्तक उघडलं आणि अर्ध्यात सोडलं. एक सिनियर म्हणतात हा पोरखेळ आहे. बायको म्हणते मारामारीची पुस्तकं मला नकोत. यादीत काय चुकलं? कुठलं आधी ठेवू?"

तुमची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. नावं खोटी नाहीत. त्यातली तीसेक पुस्तकं माझ्या कपाटात आहेत आणि उरलेल्यांपैकी चारांचा मला हेवा वाटला. म्हणजे चांगलं कुठलं हे तुम्हाला ठाऊक आहे. अडलंय ते पुढे: आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची? ते काम वेगळंच आहे, आणि मलाही ते फार उशिरा जमायला लागलं.

ठाण्याच्या नौपाड्यात आमची लायब्ररी आहे. सासऱ्यांनी 1978 साली जिन्याखालच्या जागेत सुरू केली, कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांच्या जिवावर. 2006 मध्ये मुलाच्या हट्टापायी मी कॉमिक्सचं एक कपाट मांडलं. आता तीन झालीत. महिन्यातून एका रविवारी मागच्या खोलीत पांढरी चादर ताणून आम्ही डॉक्युमेंट्री दाखवतो. खुर्च्या अठरा, बाकीचे सतरंजीवर. देवघेवीच्या रजिस्टरात मी एक जादा रकाना आखलाय, "कुठे सोडलं" असा. पुस्तक परत आलं की "आवडलं का" हे मी विचारत नाही, कारण माझं मन राखायला माणसं "छान होतं" म्हणून मोकळी होतात. "कुठे थांबलात" विचारलं की खरं बोलतात. पुढचं सगळं त्या रकान्यातून आलंय, तेव्हा ते नौपाड्यापुरतं खरं आहे असं धरून चाला.

तुमच्या शीटमध्ये पहिल्या ओळीत 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' आहे आणि समोर शेरा, "इथून डीसीचं विश्व नव्याने सुरू होतं". तर्क बिनतोड, परिणाम हमखास वाईट. 1985-86 मधले ते बारा अंक निघालेच मुळी आवराआवरीसाठी. पन्नास वर्षांत डीसीच्या, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या प्रकाशकाच्या, कथांमध्ये इतक्या समांतर पृथ्व्या आणि एकेका नायकाच्या इतक्या आवृत्त्या साचल्या होत्या, की सगळं एकदा मोडून नव्याने बांधायचं ठरलं. ज्याने तो पसारा पाहिलाच नाही, त्याला आवराआवरीत काय गोडी? घराण्याची ओळख करून द्यायची म्हणून आपण पाहुण्याच्या हातात आजोबांचं वाटणीपत्र ठेवत नाही.

दुसऱ्या क्रमांकाचं 'वॉचमेन' मला जिवापाड आवडतं. पण ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी 1986-87 मध्ये ते केलं तेव्हा मुखवटा घालून गुंडांना बदडणाऱ्या माणसाबद्दल वाचकाच्या मनात चार-पाच दशकांचा भाबडा विश्वास जमा होता, आणि ते पुस्तक नेमकं त्याच विश्वासावर घाव घालतं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. अत्र्यांची 'झेंडूची फुले' 1925 साली आली. रविकिरण मंडळाच्या कवितेतले उसासे ज्याच्या कानावरून गेलेच नाहीत, त्याचं त्यातलं निम्मं हसू वाया जातं. 'वॉचमेन'चं तसंच आहे. माझ्या रजिस्टरात ते तेवीस वेळा गेलंय. त्यातले अकरा जण पहिल्या दोन अंकांत थांबले, आणि त्या अकरांपैकी नऊ जणांचं ते आयुष्यातलं पहिलंच कॉमिक होतं.

याच पुस्तकापायी मी एकदा तोंडघशीही पडलेय. सुरुवातीच्या काळात एका चौदा वर्षांच्या मुलाला मी ते कौतुकाने दिलं. चौथ्या दिवशी त्याच्या आई पुस्तक पिशवीत घालून घेऊन आल्या आणि एक शब्दही न बोलता काउंटरवर ठेवून गेल्या. आत बलात्काराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, हे मला पाठ होतं. पण कपाटावर "सुपरहिरो" लिहिलेलं असलं की आपण वय विचारायचं विसरतो. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "वाचणारा कोण?" हा असतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण इथे सरसकट उत्तर नाही. इंग्रजी किती सहज वाचता येतं, हा पहिला मुद्दा, आणि तो लोक लाजेने लपवतात. बोलणं फर्डं असलेला माणूसही संवादांच्या फुग्यातल्या बोलीभाषेपुढे अडखळतो. पैशाचं म्हणाल तर बाहेरून येणारा एकेक खंड आठशे-हजाराला सहज पडतो, त्यामुळे "घेऊन टाक" म्हणण्यापेक्षा आपली प्रत देणं बरं. मराठीत माझ्याकडे इंद्रजालचे जुने अंक सोडले तर दाखवण्यासारखं फार नाही. मी स्वतः डोंबिवलीत इंद्रजालमधला वेताळ, म्हणजे फँटम, वाचतच मोठी झाले. हिंदी चालत असेल तर राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव अजूनही पहिल्या वाचनाला उत्तम. त्याच्याकडे म्हणावी अशी अचाट शक्ती नाही, डोकं लढवतो आणि सुटतो. त्यांचाच दुसरा नायक डोगा तर आपल्या मुंबईचाच, पण तो हिंसक आहे, मुलांना देताना बघून द्या.

आणखी एक अडचण तुमच्या लक्षात आली नसेल, कारण तुम्हाला ती कधीच आली नाही. कॉमिक वाचणं हे कौशल्य आहे. ज्यांनी लहानपणी वाचलं नाही ती माणसं फक्त फुगे वाचतात आणि पान उलटतात. चित्राकडे डोळा जातच नाही. मग म्हणतात, "दहा मिनिटांत संपलं, यात काय होतं?" अशा सभासदाला मी काउंटरवरच एक पान उघडून देते, फुग्यांवर कागदाचे कपटे ठेवते आणि विचारते, इथे काय चाललंय? बहुतेकांना दुसऱ्या पानापासून मजा यायला लागते. एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांना तर फुगे परत उघडायचेच नव्हते.

हे सगळं धरून, सिनेमे पाहिलेल्या पण कॉमिक न उघडलेल्या माणसाला मी आज काय देते? दहापैकी सहा वेळा 'हॉकआय'. मॅट फ्रॅक्शनचं लेखन, डेव्हिड आहाची बरीचशी चित्रं, 2012 पासूनचे बावीस अंक. सिनेमातला तो धनुष्यबाणवाला, ज्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं, तोच. देवांच्या आणि यंत्रमानवांच्या टोळीत हा एक साधा माणूस. सुट्टीच्या दिवशी तो काय करतो, हा या अंकांचा विषय. ब्रुकलिनमधल्या एका जुन्या इमारतीत तो भाड्याने राहतो. ट्रॅकसूट घातलेल्या गुंडांची टोळी ती इमारत रिकामी करायला निघालीय, भाडी वाढवून आणि माणसांना रस्त्यावर काढून. तो शेवटी इमारतच विकत घेतो आणि मग शेजाऱ्यांसकट त्या उपद्व्यापात अडकतो. गच्चीवर सगळे मिळून खातात-पितात, कोणाचा टीव्ही लागत नाही, कोणाला मदत हवी असते. नौपाड्यात गेली वीस वर्षं जुने वाडे आणि चाळी पाडून टॉवर उभे राहिलेत. आमच्याकडे हे पुस्तक समजावून द्यावं लागत नाही. एका काकांनी परत देताना विचारलं, "सोसायटीची कन्व्हेयन्स झाली का त्याची?"

त्यातला अकरावा अंक संपूर्णपणे कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांचं बोलणं त्याला कळतं तेवढंच आपल्याला दिसतं, चार-दोन शब्द, बाकी सगळं वास आणि खुणांच्या नकाशातून. एकोणिसाव्या अंकात नायकाला ऐकू येत नाही, तेव्हा बराच भाग खुणांच्या भाषेत काढलाय आणि खाली अर्थ दिलेला नाही. सिनेमाला हे याच रीतीने करता येणार नाही. म्हणून मी ते देते. पोस्टरवर पाहिलेला चेहरा कागदावर वेगळंच काहीतरी करतो, हे वाचणाऱ्याला स्वतःहून कळतं. खोट सांगायची तर काळ मागेपुढे उड्या मारतो आणि पहिली पाच-सहा पानं गोंधळ उडतो. "कुठे सोडलं" रकान्यात ती पानं पुष्कळदा आहेत. पण सातव्या पानापर्यंत जो पोचला, तो सहसा दुसरा खंड मागतो.

मी 'हॉकआय'ला एवढा मान का देते, तर तो संपतो. तुमच्या चाळीसांतली किमान पंधरा पुस्तकं कुठल्या तरी मोठ्या प्रवाहाचा मधला तुकडा आहेत. अमेरिकेत अंक महिन्याला वीस-बावीस पानांचा निघतो, पाच-सहा अंक जमले की त्यांचा खंड होतो, मग लेखक बदलतो, पुन्हा क्रमांक एक छापला जातो, मध्येच दुसऱ्या मासिकातली घटना येऊन कथा मोडते. आपल्याला त्याची सवय झालीय. नव्या माणसाला ते चालू मालिकेच्या सहाशेव्या भागाला टीव्ही लावल्यासारखं वाटतं. पहिली शिफारस नेहमी शेवट असलेली द्या. पुस्तक पूर्ण केल्याचं समाधान मिळालं की माणूस दुसरं मागतो.

तुमच्या बायकोचा प्रश्न मला सर्वांत आवडला. "मारामारी नको" म्हणणारी माणसं सुपरहिरो नाकारत नसतात, बहुतेक वेळा त्यांनी पाहिलेल्या सिनेमांचा शेवटचा अर्धा तास नाकारत असतात. तो मलाही कंटाळवाणा वाटतो. त्यांना दोनच गोष्टी दाखवा. एक, 'मिस मार्व्हल'चा 2014 सालचा पहिला खंड, जी. विलो विल्सनने लिहिलेला. जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी कमला. घरातून पार्टीला परवानगी मिळत नाही म्हणून चोरून जाते, परत आल्यावर आई-वडिलांची बोलणी खाते, आणि पुढे बुर्किनीतून आपला पोशाख शिवते. जेवणाच्या टेबलावरचे वाद वाचताना आमच्या सभासद बायका मोठ्याने हसतात. दोन, 'ऑल-स्टार सुपरमॅन'. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली, 2005 ते 2008, बारा अंक. सुपरमॅन मरणार आहे आणि उरलेल्या दिवसांत तो काय काय उरकतो, एवढीच गोष्ट. त्याचा जन्म, ग्रहाचा नाश, शेतकरी जोडपं, सगळं पहिल्या पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत आटपलंय. शिफारस किती लांब असावी याचा धडा घ्यायचा तर त्या पानावरून घ्या. दहाव्या अंकात उंच कठड्यावर उभ्या असलेल्या एका मुलीचं एक पान आहे. त्याबद्दल आधी काही बोलू नका.

आता डॉक्युमेंट्री. बारापैकी दहा तुमच्या यादीत "इतिहास" म्हणून आल्यात. कोणी काय काढलं, कधी काढलं. ते आपल्यासारख्यांचं खाद्य. न वाचणाऱ्याला इतिहास नको असतो, त्याला माणूस हवा असतो. आणि म्हणून मी सुरुवात अमेरिकेतून करतच नाही, मालेगावातून करते. फैझा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव', 2008 सालची, तासाभराची. नासिर शेख आणि त्यांचे मित्र स्थानिक 'सुपरमॅन' सिनेमा बनवतात त्याची हकिगत. नायक यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा शफीक. चित्रीकरणाच्या मध्येच त्याचं लग्न ठरतं. हिरव्या कापडासमोर उडण्याचे प्रयोग होतात, कॅमेरा पाण्यात पडतो, लेखक मुंबईला जायची स्वप्नं बघत बसतो. पुढे शफीक कर्करोगाने गेला, हे माहीत असलं की त्याचं उडणं बघवत नाही आणि नजरही हटत नाही.

आमच्याकडे ती दाखवली त्या रविवारी भिवंडीचे एक गृहस्थ आले होते. पहिली वीस मिनिटं खोली हसत होती, ते हसत नव्हते. संपल्यावर म्हणाले, "माझे वडील मागावर होते. तो आवाज चालू असताना माणसं एकमेकांशी ओठांवरून बोलतात. या पोराला सिनेमात ओरडायला मिळालं." त्यानंतर अर्धा तास कोणी उठलं नाही. त्या दिवशी सात नवे सभासद झाले, आणि सातांपैकी पाच जणांनी सुपरमॅनचंच काहीतरी मागितलं.

पुढची पायरी 'बॅटमॅन अँड बिल', 2017. बॅटमॅन 1939 मध्ये आला तेव्हा नाव फक्त बॉब केनचं लागलं. गडद पोशाख, पंखांऐवजी झूल, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, यात हात होता लेखक बिल फिंगरचा. तो 1974 मध्ये हलाखीत गेला. मार्क टायलर नोबेलमन नावाचा लेखक गुप्तहेरासारखा त्याच्या मागावर निघतो, फिंगरची नात सापडते, आणि 2015 पासून श्रेयनामावलीत फिंगरचं नाव येऊ लागतं. कॉमिक्समध्ये काडीचा रस नसलेली माणसंही ही बघतात, कारण काम एकाने करायचं आणि सही दुसऱ्याची, हे ऑफिसात प्रत्येकाने भोगलंय. तुमच्या ग्रुपला मी हीच आधी पाठवली असती. बघून झाली की मित्राच्या हातात 'बॅटमॅन: इयर वन' द्या. 1987 मधले चारच अंक, फ्रँक मिलर आणि डेव्हिड माझुकेली. डॉक्युमेंट्रीने लावलेली भूक आठवड्यात मरते, म्हणून पुस्तक तयार ठेवून मगच दाखवायची.

तुमच्या यादीतल्या 2023 च्या 'स्टॅन ली'बद्दल एक सावधगिरी. ली म्हणजे स्पायडरमॅनवाल्या मार्व्हलचा लेखक-संपादक. गोड आहे, बघण्यासारखी आहे, पण कथा त्याच्याच आवाजात सांगितलीय आणि दाखवणारी कंपनी डिस्नी, म्हणजे मार्व्हलचीच मालक. मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याच्या मुलाने तिच्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. त्या काळी मार्व्हलमध्ये ली कथेचा सांगाडा द्यायचा, चित्रकार पानं रचायचा आणि संवाद मागाहून भरले जायचे. मग जनक कोण, हा वाद तिथून सुरू होतो. शिफारस करताना "ही घरच्यांनी काढलेली आहे" एवढं एक वाक्य जोडा. पडद्यावरच्या सुपरमॅनवरची, म्हणजे ख्रिस्तोफर रीव्हवरची, 2024 ची 'सुपर/मॅन' मात्र बिनशर्त. 1995 च्या अपघातानंतरचा रीव्ह आणि त्याची बायको डेना यांच्यावर ती उभी आहे, आणि तुमच्या बायकोला 'ऑल-स्टार'च्या आधी हीच दाखवा.

पोरखेळ म्हणणाऱ्या सिनियरना पटवू नका. फार तर एवढं सांगा, की 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली, आणि त्या नियमांनी बरीच कॉमिक्स खरोखरच पोरखेळ झाली. 1971 मध्ये 'स्पायडरमॅन'च्या तीन अंकांत अमली पदार्थांचा विषय आला तेव्हा ते अंक नियमावलीच्या शिक्क्याविना छापावे लागले, आणि गंमत म्हणजे तो विषय घ्या असं सरकारी आरोग्य खात्यानेच सुचवलं होतं. यावर ते पुढे काही विचारतील तर विचारू देत. नाही विचारलं तर चहा घ्या.

राहिली शीट. ती तुमच्यासाठी ठेवा, ग्रुपवर टाकू नका. चौदा जणांना चाळीस नावं म्हणजे कोणालाच काही नाही. एका माणसाला एक नाव, आणि तेही वेगळं पाठवलेलं. तीन वाक्यं पुरतात: कशाबद्दल आहे, किती वेळ लागेल, आणि काय खटकेल. तिसरं वाक्य लोक गाळतात आणि तिथेच विश्वास जातो. 'हॉकआय'साठी माझी चिठ्ठी अशी असते: "ब्रुकलिनमधली चाळ, तिचा गुंड मालक आणि एक दमलेला तिरंदाज. एका अंकाला वीस मिनिटं, जलद लोकलने ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत दोन होतात, बसायला मिळालं तर. पहिली सहा पानं काही कळणार नाही, सातव्यापर्यंत थांबा." मग दोन आठवडे विषय काढायचा नाही. हा भाग मला आजही जड जातो.

ज्या एका मित्राने अर्ध्यात सोडलं, त्याला आज संध्याकाळी गाठा. चौदा जणांत खरा वाचक मला तोच दिसतो, कारण त्याने निदान उघडलं. का सोडलं विचारू नका, कुठे सोडलं ते विचारा, आणि पुस्तकाचं नाव आणि पान मला कळवा. पुढचं पुस्तक त्यावरून सांगते.